धावपटूचे पोट

अमेरिकेतील सेंट लुई शहरी १९०४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत झाली. वेळ दुपारची, उष्मा ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास आणि रस्ता मातीचा. धावणाऱ्यांच्या पुढेमागे पंचांच्या व डॉक्टरांच्या मोटारी चालल्या होत्या, त्यामुळे धुळीचे लोट उठत होते. ३२ जण निघाले. त्यांपैकी १४ जण पोचले. कॅलिफोर्नियाचा एक धावपटू रस्त्याच्या कडेला निपचित पडलेला आढळला. गिळलेल्या धुळीने त्याच्या पोटाच्या अस्तराला इजा होऊन आत रक्तस्राव झाला होता. जो पहिला आला त्या टॉमस हिक्सने वाटेत पाणी मागितले. ते त्याला मिळाले नाही. ओल्या स्पंजाने त्याचे तोंड तेवढे पुसण्यात आले आणि पाण्याऐवजी अंड्यातील पांढऱ्या बलकात कालवलेले स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्याचे विष, उत्तेजक म्हणून देण्यात आले. पुढे ब्रँडीही पाजली. साथीदारांच्या खांद्यांवर भार टाकून तो अंतिम रेषेपार गेला. सबंध मार्गात पिण्याच्या पाण्याची सोय जवळजवळ एकाच ठिकाणी, सुमारे बाराव्या मैलावरील विहिरीपाशी होती. ही उणीव अनवधानाने राहिली नव्हती. पाणी तोडले असता शरीरावर काय परिणाम होतो, हे पाहण्याची व्यवस्थापकांना उत्सुकता होती असे सांगतात.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. तथापि त्या काळचा समज लक्षात घेतला म्हणजे व्यवस्थापकांना क्रूर ठरवण्याची घाई करता येत नाही. धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाई. पाण्याने पोट जड होते, दम कोंडतो, कळ येते, असा अनुभवी शिक्षकांचा निर्वाळा होता. आणि त्यात तथ्यांश होता, हे पुढे दिसेलच. विसाव्या शतकाच्या मध्यावर तर आंतरराष्ट्रीय नियमच असा होता की, मॅरेथॉनमध्ये पेयाची पहिली सोय १५ किलोमीटर उलटल्यावर करावयाची. १९५४ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जिम पीटर्स हा इंग्रज धावपटू प्रतिस्पर्ध्याच्या सुमारे १७ मिनिटे पुढे असताना क्रीडांगणात शिरला आणि तेथे पुन:पुन्हा कोसळू लागला. शेवटचे काहीशे यार्ड उरले होते. ११ मिनिटे तो पडत, उठत, झोकांड्या खात राहिला. अखेर त्यास उचलून न्यावे लागले. त्यानंतर तो शर्यतीत कधीच उतरला नाही.

मराठी मुलखाचाही या इतिहासाशी एक धागा जुळलेला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याची कल्पना आली आणि १९२० साली जे पथक बेल्जममधील अँटवर्प येथे गेले त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले; त्यांना २ तास ५० मिनिटे लागली. त्या दिवशी हवा थंड होती आणि पाऊस भुरभुरत होता. सेंट लुईचे ऊन आणि सेंट लुईचे व्यवस्थापक त्यांच्या वाट्यास आले नाहीत, ही भाग्याचीच गोष्ट म्हणावयाची.

पाणी द्यावे की न द्यावे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. परंतु त्या वादात एक प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाही. प्यालेले पाणी जाते कोठे? ओठांतून आत गेले म्हणजे पाणी शरीरात गेले, असे आपण धरून चालतो. वस्तुत: तोंडापासून गुदद्वारापर्यंतची ही लांब नळी म्हणजे शरीराच्या मधून गेलेली, पण एका अर्थी शरीराबाहेरचीच जागा आहे. तिच्या भिंतीतून पाणी पलीकडे रक्तात उतरेल तेव्हाच ते पावले. एरवी निरोगी माणसाचे आतडे हे काम इतक्या निमूटपणे करते की त्याची कोणास दादही नसते. दिवसाकाठी माणूस दोनएक लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्त आदी स्रावांच्या रूपाने शरीर स्वत:च आणखी सहा-सात लिटर द्रव त्या नळीत सोडते. या आठ-नऊ लिटरांपैकी मलावाटे बाहेर जाते ते पाव लिटरही नसते. बाकीचे सगळे परत घेतले जाते. यातील बहुतांश उचल लहान आतड्यात होते.

आता हाच माणूस उन्हात तीन तास धावतो आहे अशी कल्पना करावी. घामावाटे तासाला लिटरभर, आणि उकाडा फार असेल तर दीड-दोन लिटरही पाणी जाते. त्याबरोबर मीठ जाते ते निराळेच. अशा वेळी आतड्याने अधिक तत्परतेने पाणी उचलावे अशी अपेक्षा असणार. घडते ते नेमके उलट. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा पोटातील इंद्रियांकडे जात असतो. धावू लागताच मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्त मागतात, आणि अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची म्हणून कातडीही रक्त मागते. दोघांची मागणी निकडीची. सरकारी अंदाजपत्रकात तूट आली म्हणजे ज्या खात्याचा आवाज लहान त्याच्या तरतुदीला प्रथम कात्री लागते. येथेही तसेच होते. कठोर परिश्रमाच्या वेळी पोटाकडील रक्त निम्म्याहून कमी होते, आणि पराकाष्ठेच्या वेळी तर ८० टक्क्यांपर्यंत घटल्याचे मोजण्यात आले आहे. आतड्याच्या भिंतीवरील पेशी प्राणवायूवाचून तळमळतात. जठर आपले दार उघडीनासे होते. वरून प्रत्येक पावलागणिक हिसका बसतो. मग मळमळ, पेटके, वांती, अवेळी लागणारी शौचाची घाई. लांब पल्ल्याच्या धावपटूंत ही तक्रार अत्यंत सार्वत्रिक आहे, जरी शर्यतीच्या वर्णनांत तिचा उल्लेख संकोचाने टाळला जातो. ज्यांनी पोट जड होते म्हणून पाणी वर्ज्य केले, त्यांनी पाहिलेली खूण खरी होती. त्यांचा निष्कर्ष तेवढा चुकला.

याहून गंभीर गोष्ट अशी की, उष्णता आणि रक्ताची टंचाई यांमुळे आतड्याच्या भिंतीचे सांधे सैल पडतात. आत कोट्यवधी जंतू सुखाने नांदत असतात. ते आतल्या आत राहतात तोवर उपद्रव नाही. पण त्यांच्या शरीराचे विषारी अंश फटींतून रक्तात झिरपू लागले म्हणजे ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. उष्माघाताने पडणाऱ्या माणसाच्या हालांत या झिरपलेल्या विषाचा वाटा असतो, असे मानण्यास चांगला आधार आहे.

मग या रुसलेल्या आतड्याकडून पाणी उचलवून घ्यावयाचे कसे? याचे उत्तर पटकीच्या रोग्याच्या खाटेशेजारी मिळाले. क्रीडांगणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत एक कल्पना मांडली. लहान आतड्याच्या पेशींवर एक असे द्वार आहे की जे द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आणि मिठातील सोडियम यांना जोडीनेच आत घेते. एकट्याला घेत नाही. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी आपोआप ओढले जाते. नुसते पाणी पाजले तर ते रेंगाळेल, नुसते मीठ पाजले तर तेही रेंगाळेल. परंतु मिठाबरोबर थोडी साखर दिली की तिघांचीही वाट मोकळी होते. क्रेनच्या मनात त्या वेळी रोगी नव्हता. हे निव्वळ शास्त्र होते.

पटकीचे विष आतड्यातून पाण्याचा पाट वाहवते. काही तासांत माणूस सुकून जातो. परंतु या विषाने साखर-मिठाचे ते द्वार मात्र बंद होत नाही. १९६८ च्या सुमारास ढाका आणि कलकत्ता येथील प्रयोगांनी हे सिद्ध केले. त्यापूर्वी, १९५३ मध्येच, कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले होते. पण त्यांच्या निबंधात तुलनेसाठी दुसरा रोगीगट नव्हता, मोजमापे अपुरी होती. आणि कलकत्त्याच्या एका डॉक्टरच्या शब्दावर जगाने आपली सलाईनची बाटली खाली ठेवावी, असे ते दिवसही नव्हते. निबंध बाजूला पडला. या दुर्लक्षाची किंमत किती जिवांनी मोजली असेल, हा विचार मनास अस्वस्थ करणारा आहे.

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सरहद्द ओलांडून आले. बनगाव येथील रुग्णालयात दोन खोल्या आणि १६ खाटा. पटकीचे रोगी जमिनीवर, एकमेकांना खेटून, स्वत:च्याच वांतीत व मळात पडलेले. डॉक्टर दिलीप महालनबीस तेथे पोचले तेव्हा त्यांना शिरेवाटे सलाईन टोचण्यासाठी त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागले. सलाईनचा साठा संपत आला, टोचणारे हातही अपुरे पडले. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला की, जे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे ते येथे, या गर्दीत, परिचारिकांवाचून करून पाहावयाचे. लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ही पूड कलकत्त्यात पुड्यांत भरून आणली, पिंपांतील पाण्यात कालवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आई मुलाला पाजत होती, भाऊ भावाला. टोचून घ्यावयाचे सलाईन प्यावयाचे कसे, असे लोकांना वाटे. म्हणून पिंपांवरही 'तोंडाने घ्यावयाचे सलाईन' अशाच अर्थाची अक्षरे घातली. मृत्यूचे प्रमाण, जे आधी शेकडा ३० च्या घरात होते, ते शेकडा ४ च्या खाली आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या शोधास शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान दिला. महालनबीस २०२२ साली वारले; पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

इकडे फ्लोरिडा विद्यापीठात, १९६५ साली, रॉबर्ट केड नावाच्या मूत्रपिंडतज्ज्ञास फुटबॉलच्या एका शिक्षकाने विचारले की, खेळाडूंना सामन्यात लघवीस जाण्याची गरज का भासत नाही. सारे पाणी घामावाटे जाते, हे त्याचे उत्तर. केडने पाण्यात मीठ आणि साखर घातली. चव इतकी वाईट लागली की पत्नीच्या सूचनेवरून लिंबाचा रस पिळला. विद्यापीठाच्या संघाच्या नावावरून त्या पेयास 'गेटोरेड' हे नाव पडले. म्हणजे तेच द्वार, तीच जोडी. पुढचा सगळा इतिहास व्यापाराचा आहे आणि तो येथे सांगण्याचे कारण नाही.

मात्र बाटलीतील खेळाडूंचे पेय आणि रोग्यांसाठी असलेली जलसंजीवनी एक नव्हेत, हे नीट समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेल्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम आहे. शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. खेळाडूंच्या नेहमीच्या पेयात साखर याच्या चौपटीहून अधिक, आणि सोडियम एक-तृतीयांशही नाही. धावणाऱ्यास साखर इंधन म्हणून हवी असते, त्यामुळे त्याच्यापुरते ते क्षम्य आहे. जुलाबाने सुकलेल्या बालकास ते पाजले तर अनर्थ ओढवतो. कारण साखर दाट झाली की ती उलट रक्तातील पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. आपल्या देशात गोड पेयांच्या खोक्यांवर जलसंजीवनीची ती तीन इंग्रजी अक्षरे वर्षानुवर्षे मिरवत होती. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ती छापण्यास मनाई केली. हे बरेच आधी व्हावयास हवे होते.

पाण्याची महती एकदा पटली, तेव्हा जग दुसऱ्या टोकाला गेले. तहान लागण्यापूर्वीच प्या, जेवढे पिववेल तेवढे प्या, असा उपदेश होऊ लागला. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्या दरम्यान सुमारे ९० किलोमीटरांची 'कॉम्रेड्स' नावाची शर्यत होते. तिच्यात १९८१ साली एक महिला बेशुद्ध पडली. ती सुकली असेल असे सर्वांस वाटले. प्रत्यक्षात तिने इतके पाणी प्यालेले होते की रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूस सूज आली होती. टिमथी नोक्स या वैद्याने १९८५ मध्ये अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, पण उपदेश थांबला नाही. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एक तरुणी याच कारणाने दगावली. त्याच शर्यतीत ४८८ जणांचे रक्त तपासले गेले होते. त्यांपैकी शेकडा १३ जणांत सोडियम प्रमाणाहून कमी आढळले, आणि तिघांत तर प्राणास धोका व्हावा इतके कमी. ज्यांचे वजन शर्यतीअखेर वाढले होते त्यांना हा धोका सर्वांत अधिक होता. तेरा कोसांहून अधिक धावून माणसाचे वजन वाढावे, हे विलक्षण खरे; पण मंदगतीने धावणारा, प्रत्येक टेबलापाशी थांबून पेला रिकामा करणारा माणूस हे सहज साधतो. असा रोगी सुकला आहे असे समजून त्याला आणखी पाणी चढवणे म्हणजे त्याच्या मरणास हातभार लावणे होय. हिक्सला पाणी नाकारणारे आणि या तरुणीस पाण्याचा आग्रह करणारे, दोघेही आपापल्या काळच्या सल्ल्यास धरूनच वागत होते. आज बहुतेक तज्ज्ञ पुन्हा तहानेकडे वळले आहेत: तहान लागेल तेव्हा, तेवढेच प्यावे. लांब पल्ल्याच्या आणि कडक उन्हातील शर्यतीत तेवढ्याने भागते काय, याविषयी मात्र मतभेद आहेत.

आता त्या आतल्या जंतूंकडे वळावयास हवे, कारण अलीकडे बाजारात त्यांचाच बोलबाला आहे. हितकारक जंतू जिवंत स्थितीत, पुरेशा प्रमाणात पोटात घालावयाचे, हा 'प्रोबायोटिक' या शब्दाचा अर्थ. कल्पना जुनी आहे. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्यांच्या आंबट दह्यास दिले होते. ज्या देशात विरजणाचे भांडे घरोघर आहे तेथे याचे नवल वाटू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचा मल तपासण्यात आला, तेव्हा शर्यतीनंतर त्यांच्या पोटात व्हेलोनेला नावाचे जंतू वाढल्याचे दिसले. श्रमाने स्नायूंत जे दुग्धाम्ल तयार होते ते हे जंतू खातात आणि त्यापासून दुसरे एक आम्ल बनवतात. तो जंतू उंदरांना पाजला तेव्हा ते १३ टक्के अधिक काळ धावले. बातमी आकर्षक खरी; परंतु ती उंदरांची आहे, हे विसरता कामा नये. माणसांवरही प्रयोग झाले आहेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २४ धावपटूंपैकी काहींना चार आठवडे असे जंतू दिले, तेव्हा मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात त्यांच्या पोटाच्या तक्रारी इतरांहून कमी राहिल्या. वेळ मात्र सुधारली नाही. २४ जणांवरून कायदा करता येत नाही. शिवाय एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीस लागू पडेलच असे नाही, त्यामुळे बाटलीवर नुसते 'प्रोबायोटिक' लिहिलेले असणे हे पाकिटावर नुसते 'औषध' लिहिण्यासारखे आहे. दह्यातील जंतूंपैकी कित्येक जठराच्या आम्लातच मरतात. दही वा ताक वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. रोजच्या जेवणात ते असावे; शर्यतीच्या विजयाचे श्रेय तेवढे त्याला आधीच देऊ नये.

जंतूंपेक्षा अधिक खात्रीचा उपाय साधा आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. आतडे शिकते. मांड्या जशा सरावाने तयार होतात तसे पोटही तयार होते. धावताना नियमाने थोडे थोडे गोड-खारट पेय घेण्याचा सराव दोन आठवडे जरी केला, तरी जठर अधिक तत्परतेने रिकामे होऊ लागते, साखरेची उचल सुधारते, आणि मळमळ कमी होते. शर्यतीच्या दिवशी नवे बूट कोणी घालीत नाही. नवे पेय मात्र वाटेतल्या टेबलावरून पुष्कळ जण उचलतात.

सरावासाठी पेय दूरून आणावयास नको. लिंबाच्या सरबतात मीठ आणि बेताची साखर असतेच. कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला मीठ घालून भाताची पेज देतात. त्यातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज बनते आणि द्वार तेच उघडते. तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनी पटकीच्या रोग्यांत ग्लुकोजच्या तोडीची, किंबहुना काहीशी सरस ठरली आहे. तासाभराच्या धावेला यांपैकी कशाचीच गरज नाही, साधे पाणी पुरते.

किती प्यावे याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावा लागतो. तासभर धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, काट्यावर उभे राहावे. एक किलो वजन घटले तर सुमारे लिटरभर घाम गेला. मध्ये पाणी प्याले असल्यास तेही त्यात मिळवावे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, पहाटेच्या काळोखात सुरू होते. त्या गारव्यात निघालेला आकडा उन्हे वर आल्यावर, परतीच्या वाटेवर पेडर रोडची चढण लागेल तेव्हा, खरा राहत नाही; म्हणून काट्यावरची ही परीक्षा एकदा पहाटे आणि एकदा दहाच्या उन्हात, अशी दोनदा घ्यावी.